नागरिक मंडळाची सहामाही

सोलापुरातल्या मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर इतिहास शिकवला. पण जुन्या विद्यार्थिनी भेटल्या की इतिहासाचं कुणी काढत नाही. सनावळ्या तर परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी विसरलेल्या असतात. "बाई, आपलं मंडळ," एवढं मात्र प्रत्येकीच्या तोंडून निघतं. परवा एक जण सांगत होती, की सासरी वाटणीच्या बैठकीत तिनं थोरल्या दिराला "विषय सोडून बोलू नका" असं बजावलं आणि मग स्वतःच दचकली. हे वाक्य आपल्या तोंडी कुठून आलं, ते तिला कळेना. मला कळलं.

माझे वडील कुर्डुवाडीला रेल्वेत नोकरीला होते. त्यांनी हौसेनं मला पुण्याच्या कॉलेजात घातलं आणि मी इतिहास-राज्यशास्त्र घेऊन बी. ए. झाले. शाळेत राज्यशास्त्र शिकवायची सोय नव्हती, म्हणून वरच्या दोन वर्गांतल्या मुलींसाठी शनिवारी शाळा सुटल्यावर 'राज्यशास्त्र अभ्यास मंडळ' चालवावं, असा अर्ज मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे दिला. गावात तीस साली मार्शल लॉ येऊन गेल्याला तेव्हा काही वर्षं झाली होती, तरी 'सभा' हा शब्द लोक अजून आवाज उतरवूनच बोलत. मोठ्या बाईंनी अर्जातल्या 'राज्य' या अक्षरांखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि म्हणाल्या, "हे कुणाचं, असं इन्स्पेक्टर विचारतील." मग 'शास्त्र' ठेवावं का, यावर आमचं थोडं बोलणं झालं आणि शेवटी 'नागरिक मंडळ' या नावावर मिटलं. काम तेच राहिलं.

अशा मंडळाची सहामाही आखणं बाहेरून सोपं दिसतं. सहा विषय काढले, सहा वक्ते बोलावले की झालं, असं नव्या शिक्षिकांना वाटतं. जूनपासून दिवाळीपर्यंतच्या शनिवारांतून आधी नागपंचमी वजा करा, गणपती वजा करा, घटस्थापनेला मुली घरात अडकतात ते वजा करा, परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे सोडून द्या. उरतात ते शनिवार बोटांवर मावतात. त्यांतला पहिला पाहुण्याला कधीही देऊ नये. पहिल्या दिवशी मुलींनीच बोलायचं, नाहीतर त्या वर्षभर गप्प बसतात. विषय असा निवडायचा, की दोन्ही बाजूंनी मनापासून बोलता येईल. 'स्वच्छतेचे महत्त्व' यावर वाद होत नाही. आमचा पहिला वाद शाळेच्या आवारातल्या चिंचेवर झाला: पडलेल्या चिंचा वेचणारीच्या, की सगळ्या शाळेच्या? ठराव मांडायचा कसा, त्याला अनुमोदन कोण देतं, उपसूचना म्हणजे काय, अध्यक्षांकडे बघूनच का बोलायचं, हे सगळं मुली त्या चिंचांवर शिकल्या. उपसूचना इतक्या आल्या, की मूळ ठराव काय होता हे मलाच परत वाचावं लागलं.

पाहुण्या वक्त्यांचं शास्त्र वेगळं. त्या वर्षी एक वयस्कर वकील ग्रीक लोकांच्या कारभारावर बोलायला आले. विद्वान माणूस, पण थांबण्याचा गुण अंगी नव्हता. घंटा ठेवून उपयोग झाला नाही; घंटेनंतर ते रोमकडे वळले. तेव्हा मी वत्सलेला खूण केली. वत्सला ही आमची आभार मानणारी मुलगी. ती हार घेऊन त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली आणि हसऱ्या चेहऱ्यानं नुसती उभीच राहिली. हार समोर दिसला की माणसाची मान आपोआप वाकते. वकीलसाहेबांनी रोमचं साम्राज्य दोन वाक्यांत आटोपलं. पुढं मी ही युक्ती कितीतरी वक्त्यांवर वापरली आणि ती एकदाही फसली नाही.

त्या सहामाहीत माझ्या मनात दोन मोठे कार्यक्रम होते. एक, मुलींनी खरीखुरी सभा प्रत्यक्ष बघायची. दोन, दिवाळीआधी शाळेत लुटुपुटीचं कायदेमंडळ भरवायचं. खात्यांची वाटणीही झाली होती. वत्सला अर्थमंत्री होती.

खऱ्या सभेसाठी मी शुक्रवार पेठेतलं एक वाचनालय निवडलं. त्याची वार्षिक सभा भाद्रपद संपता संपता व्हायची. तिथं अध्यक्ष, चिटणीस, ठराव, मतदान सगळं रीतसर चाले. अध्यक्ष माळशिरसला मामलेदारी करून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ होते. मी परवानगी मागितली तेव्हा त्यांनी सांगितलं, की दालनाच्या एका टोकाला बायकांसाठी चिकाचा, म्हणजे बांबूच्या कामट्यांचा पडदा असतो, त्याच्यामागं मुलींनी खुशाल बसावं. स्त्री-वर्गणीदार सभेला कधीच येत नाहीत, त्यामुळं ती जागा मोकळीच असते.

मग सभेची नोटीस वाचून यायला मी दोन मुलींना वाचनालयाच्या दारापर्यंत पाठवलं. एक वत्सला, दुसरी लक्ष्मी. लक्ष्मी पूर्व भागातल्या विणकर घरातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि बाजारात दोन्हीची मिसळ. वडील मागावर बसत, आई नरसव्वा सुताच्या कांड्या भरून देई. मुलगी इतकी शिकली हीच त्या आळीत नवलाई होती. लक्ष्मीनं नोटीस उतरवून आणली. हिशेब मंजूर करणं वगैरे नेहमीच्या बाबींखाली एक नवी बाब होती: बुधवारी दुपारी स्त्री-वर्गणीदारांसाठी दालन राखून ठेवलं जाई, ती वेळ बंद करावी.

ठराव मांडणार होते वाचनालयाचे चिटणीस. आणि चिटणीस म्हणजे वत्सलेचे वडील. ते आमच्या शाळेच्या व्यवस्थापक मंडळावरही होते.

मुलींनी ती नोटीस वर्गात वाचली. मग लक्ष्मीनं विचारलं, "बाई, आपण जाऊन नुसतं बगायचं व्हय?"

मी सांगितलं, की आपण सभासद नाही, त्यामुळं आपल्याला बोलता येणार नाही आणि हात वर करता येणार नाही. ती म्हणाली, "आपल्याला न्हाय. पण ज्या बायका वर्गणी भरत्यात त्यांना येतं की."

बरोबर होतं. वाचनालयाच्या नियमांत बाई-पुरुष असा फरक कुठंच नव्हता. जो वर्गणीदार, त्याला मत. बायकांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं इतकंच. मी त्याच दुपारी आखणी बदलली. जिल्हा बोर्डावरचं एक व्याख्यान ठरलं होतं ते रद्द केलं आणि त्याऐवजी मुलींनी जोडीजोडीनं स्त्री-वर्गणीदारांच्या घरी जायचं, असं ठरवलं. एकच नियम घातला. सभा कधी आहे, कुठं आहे, कुठला ठराव आहे आणि तुम्हाला मत आहे, एवढंच सांगायचं. मत कुठल्या बाजूला द्या, हे चुकूनही तोंडातून निघता कामा नये. निघालं तर त्या जोडीला पुन्हा कुठल्याच घरी पाठवायचं नाही.

माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. हे मी विसरले होते असं नाही. पण नियम आमच्या बाजूला होते आणि नियम बाजूला असले की मला फारशी भीती वाटत नाही, स्वभावच तसा. तरी मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नाही, असं मी म्हणणार नाही. काय सांगितलं ते मात्र मला आठवेलच असं नाही." त्या बाईंचा मला फार आधार होता.

मुली गेल्या आणि गोष्टी घेऊन आल्या. गोदूकाकू म्हणून एक विधवा बाई होत्या, त्यांना डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांचा नाद होता. मत म्हणजे काय करायचं, असं त्यांनी विचारलं. हात वर करायचा, असं मुली म्हणाल्या. चारचौघांत हात वर करायचा म्हटल्यावर काकूंनी बराच विचार केला आणि मग लुगडं कुठलं नेसावं, याची चौकशी केली. बुकबाइंडिंगचं दुकान असलेल्या घरातल्या फातिमाबी मराठी शाळेत शिकलेल्या. दुकानात शिवायला आलेलं पुस्तक परत जायच्या आत वाचून काढायचं, ही त्यांची सवय. त्यांनी ठरावाचा मजकूर दोनदा वाचायला लावला आणि येते म्हणाल्या.

वत्सलेची आईही वर्गणीदार होती. कधीतरी सभासद कमी पडले तेव्हा चिटणिसांनीच तिचं नाव घातलं होतं. त्या घरी दुसरी जोडी पाठवते, असं मी वत्सलेला सुचवलं. ती मान खाली घालून उभी राहिली आणि म्हणाली, "नको बाई. मीच जाते. लक्ष्मीला बरोबर द्या."

आपल्याच घराच्या ओसरीवर वत्सला लक्ष्मीच्या शेजारी पाहुण्यासारखी बसली. आईला बोलावून ठरल्याप्रमाणे सगळं सांगितलं. आईनं एवढंच विचारलं, "मला सभेला ह्यांनी बोलावलंय का?" वत्सलेनं लक्ष्मीकडं पाहिलं. लक्ष्मी म्हणाली, "नोटीस समद्यांनाच हाय की." आई आत निघून गेली. येईल की नाही, ते कुणालाच कळलं नाही.

सभेच्या दिवशी चिकामागची सतरंजी भरून गेली. मुली आधी येऊन मागच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या; बायका येऊ लागल्या तशा त्या आणखी मागं सरकल्या. वत्सलेची आई सभा सुरू झाल्यावर मागच्या दारानं आली आणि कडेला बसली. पडद्याच्या कामट्यांतून दालन दिसे, पण दालनातून आमच्याकडचं दिसत नसे. चिटणिसांना आपली बायको तिथं आहे हे ठाऊक नव्हतं.

हिशेब मंजूर झाले. मग चिटणिसांनी ठराव मांडला, आणि मी सांगते, ते चांगलं बोलले. उगाच बायकांची टिंगल केली नाही. म्हणाले, बुधवारी दुपारी दालन रिकामं असतं, बायका स्वतः येत नाहीत, पुस्तक आणायला कुणाला तरी पाठवतात. आणि त्याच वेळी मधल्या सुट्टीतले कारकून, मास्तर वर्तमानपत्रासाठी बाहेर ओट्यावर ताटकळतात. रिकामी जागा कुणासाठी राखायची? पुरुषांच्या बाजूनं एकदोघांनी माना डोलावल्या. मला स्वतःला तो मुद्दा खोडणं सोपं गेलं नसतं.

अध्यक्षांनी विचारलं, कुणाला बोलायचं आहे का. पडद्यामागून गोदूकाकूंचा आवाज आला. त्या म्हणाल्या, "मी येत नाही हे खरं. मी भाच्याला पाठवते. तो मला दर खेपेला संतचरित्र आणून देतो. मला खुनाचं हवं असतं. पण ते मी भाच्याला कसं सांगू? म्हणून आता मी स्वतःच येणार आहे. तेवढ्यात तुम्ही दार लावू नका."

दालनात हशा पिकला, पण तो काकूंना हसणारा नव्हता. अध्यक्षांनाही हसू आवरेना.

मग मताला टाकायची वेळ आली. ठरावाच्या बाजूचे हात मोजले गेले. विरुद्ध हात वर करा, असं अध्यक्ष म्हणाले, तेव्हा पडद्यामागं बायकांनी हात वर केले. आणि चिटणीस शांतपणे म्हणाले, की जे हात अध्यक्षांना दिसत नाहीत ते मोजता येणार नाहीत. नियमात 'अध्यक्षांसमक्ष' असं आहे. कुणीतरी सुचवलं, की एका माणसानं पडद्यामागं जाऊन मोजावेत. त्यावर दुसरा म्हणाला, परक्या पुरुषानं तिथं जाणं बरं दिसणार नाही. अध्यक्षांनी नियमांचं पुस्तक उघडून वाचलं आणि नाइलाजानं सांगितलं, की चिटणिसांचं म्हणणं बरोबर आहे. मत द्यायचं असेल तर बाहेर यावं लागेल.

पडद्यामागं वर झालेले हात एकेक करून खाली आले. इथं एखाद्या पुढारी बाईनं भाषण ठोकलं असतं. मला बोलायचा अधिकार नव्हता. मुलींना नव्हता. ज्यांना होता, त्यांच्यातली बरीचशी घरं अशी होती, की दुकानातल्या माणसाशीही बायका दाराआडून बोलत. लक्ष्मीनं माझा हात घट्ट धरला होता.

तेवढ्यात फातिमाबी उठल्या. बुरखा सारखा केला आणि शेजारणींना सहज म्हणाल्या, "मेरा पर्दा तो मेरेच साथ है. मैं चली." चिक हातानं बाजूला सारून त्या सरळ दालनात गेल्या आणि अध्यक्षांच्या मेजासमोर हात वर करून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागून गोदूकाकू गेल्या, पदर डोक्यावरून घट्ट ओढून. मग दोघी एकदम गेल्या, एकीला एकटीला धीर होईना म्हणून. मग बाकीच्याही निघाल्या, आणि पडद्यामागं मी, आमच्या मुली आणि वत्सलेची आई एवढंच उरलं.

वत्सला आईकडं बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती. आईवर आपलं ओझं नको, असं तिला वाटलं असणार. आई उठली. जाताना तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला का, का नुसता तोल सावरला, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. ती बाहेर जाऊन सगळ्यांच्या शेवटी उभी राहिली आणि तिनं हात वर केला.

हात मोजणं हे चिटणिसांचं काम. ते पेन्सिल घेऊन रांगेवरून येत होते. शेवटच्या बाईपाशी आले आणि थांबले. अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "मोजा, चिटणीस." त्यांनी मोजलं.

ठराव पडला. एका मतानं वगैरे नव्हे, चांगल्या फरकानं पडला. पुरुषांतलेही बरेच हात काकूंच्या भाषणानंतर फिरले होते. वत्सलेची आई घरी बसून राहिली असती तरी तो पडलाच असता.

दोन दिवसांनी चिटणीस शाळेत आले. मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं आणि स्वतः हजेरीपट बघत बसल्या. चिटणीस म्हणाले, "बाई, तुम्ही राजकारण माझ्या घरात आणून ठेवलंत."

मी सांगितलं, की मुलींनी सभेची वेळ सांगितली. मत कुणीकडं द्यायचं हे एकीनंही सांगितलेलं नाही. वहिनींना विचारून बघा.

"विचारलं," ते म्हणाले. त्यांनी टोपी काढून मेजावर ठेवली. मग म्हणाले, "ती म्हणते, इतकी वर्षं मी तिच्यासाठी पुस्तकं निवडून आणतो, त्यातलं एकही तिला आवडलेलं नाही. आणि मी दर वेळी विचारतो, कसं होतं? ती म्हणते, छान."

त्या माणसाला राग कमी आणि धक्का जास्त बसला होता. त्यांनी माझ्या नोकरीचं काही काढलं नाही. एवढंच सांगितलं, की यापुढं मंडळाचा सहामाहीचा आराखडा आधी व्यवस्थापकांना दाखवायचा. मी कबूल केलं. तेव्हा काही मैत्रिणींना ती माझी हार वाटली. मला तसं वाटलं नाही. जो कार्यक्रम आधी दाखवता येत नाही, तो करूच नये, असं माझं मत आजही आहे. मनाला लागलं ते दुसरं. या सगळ्या धांदलीत परीक्षा आली आणि लुटुपुटीचं कायदेमंडळ राहूनच गेलं. वत्सलेनं अर्थमंत्र्याचं भाषण पाठ केलेलं होतं. ते तिनं कुणापुढंच म्हटलं नाही, आणि पुढच्या वर्षी तिच्या वर्गाला मॅट्रिकचा अभ्यास होता.

दिवाळीनंतर पुढच्या सहामाहीसाठी मी मुलींकडून सूचना मागवल्या. नेहमीसारखे विषय आले. लक्ष्मी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, त्या वाचनालयात आमच्या भागातलं एक बी माणूस न्हाय. आमाला घेत्यात का, ते इचारायचं हाय."

मी नियम काढून बघितले. घेत नाहीत असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. दोन वर्गणीदारांची शिफारस लागे, आणि पूर्व भागातल्या विणकरांची शिफारस करणारं तिथं कुणी ओळखीचं नव्हतं. बुधवारची वेळ राखण्यासाठी ही मुलगी सगळ्यांत जास्त घरं फिरली होती, आणि त्या दालनात बसायचा तिला किंवा तिच्या आईला काही हक्क नव्हता. मी आराखड्यात पहिली बाब तीच घातली: एका संस्थेचं सभासदत्व कसं मिळवावं, याचा प्रत्यक्ष पाठ. आराखडा व्यवस्थापकांकडे गेला आणि तसाच मंजूर होऊन आला.

अर्ज नरसव्वांच्या नावाचा केला. सूचक म्हणून फातिमाबींनी सही केली. अनुमोदक म्हणून कोण, हे मी मुलींवर सोपवलं होतं. वत्सलेनं अर्ज घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी आईची सही घेऊन आली. ठसठशीत अक्षर, पूर्ण नाव.

पुढचं मला अध्यक्षांनी सांगितलं. कार्यकारिणीच्या बैठकीत नवे अर्ज वाचायचं काम चिटणिसांचं. अर्जदाराचं नाव वाचून झालं, सूचकाचं झालं. मग ते अडले. त्या काळी आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नसे. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. अध्यक्ष म्हणाले, पुढचं मी वाचतो, द्या इकडे. चिटणिसांनी कागद दिला नाही. चष्मा पुसला, पुन्हा चढवला, आणि "अनुमोदक, सौभाग्यवती सरस्वतीबाई," असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात वाचलं. अर्ज एकमतानं मंजूर झाला.

त्यानंतरच्या बुधवारी मी मुद्दाम वाचनालयात जाऊन बसले होते. गोदूकाकू कपाटापुढं उभ्या राहून आपल्या हातानं पुस्तकं काढून बघत होत्या. लक्ष्मी आईला घेऊन आली. नरसव्वांना वाचता येत नव्हतं. लेक मराठी वाचणार आणि तेलुगूत सांगणार, असं त्यांचं ठरलं होतं. धुतलेलं लुगडं, कांड्यांच्या सुताचे तंतू अजून केसांत. मेजाभोवती खुर्च्या मांडलेल्या होत्या. दाराशीच थांबून नरसव्वांनी लेकीला बाजारातल्या मिसळ बोलीत विचारलं, "यातली आपली कंची?"

"कंची बी," लक्ष्मी म्हणाली.

नरसव्वांनी सगळ्या खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली आणि खिडकीजवळची निवडली.